उदाच्या वासाचं मेण

दुपारचं जेवण झालं की हल्ली मला डुलकी लागते आणि त्या डुलकीत कपाळं दिसतात. चेहरे नाहीत, नावं नाहीत, नुसती कपाळं. रुंद, चिंचोळी, घामेजलेली, गोंदलेली, एखाद्यावर मधोमध लाल चट्टा उठलेला. ती माझ्यासमोर येऊन थांबतात, मी हात पुढे करते आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी होते. उभा जन्म ज्या कामात घातला ते काम माणसाला असं सोडत नाही, दुसरं काय!

बीडच्या बाजारपेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर माझा दवाखाना होता. मी कातडीची डॉक्टर. पाटीवर 'त्वचारोगतज्ज्ञ' असं लिहिलेलं होतं, पण ते वाचायचे फक्त औषधकंपन्यांचे प्रतिनिधी. बाकी सगळ्यांना मी 'खाजवाल्या बाई'. रिक्षावाल्याला 'खाजवाल्या बाईकडे' म्हटलं की तो बरोबर माझ्या जिन्याशी आणून सोडायचा. सुरुवातीला मला या नावाचा फार राग यायचा. पुढे पुढे मीच फोनवर तसा पत्ता सांगायला लागले.

या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, व्यवसायातले अनुभव लिहा. मी म्हटलं, अहो, लोक चकली खात अंक वाचणार आणि मी त्यांना गजकर्ण सांगू? तरी ते हटले नाहीत. तेव्हा ज्यांना सोसत नसेल त्यांनी पान उलटावं, माझी काही हरकत नाही.

आमच्या कामातली एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. कातडीचा डॉक्टर नुसता डोळ्यांनी बघतो असं लोकांना वाटतं. खरं तर निम्मं काम चौकशीचं. अंगाला काय लावता, काय नेसता, कशात हात घालता, देवापुढे काय जाळता. आणि लोक खोटं बोलतात. 'काय न्हाई बाई, नुसतं खोबरेल लावते' असं म्हणणाऱ्या बाईच्या डोक्याला तीन तेलांचे वास येत असतात. म्हणून मी आधी हुंगायची. माझी मदतनीस कौसर पहिल्या दिवशी हे बघून घाबरली होती. बाई माणसं हुंगतात, असं तिनं घरी जाऊन सांगितलं होतं म्हणे. नंतर तिचंच नाक माझ्यापेक्षा तयार झालं.

वासांचं मला लहानपणापासून वेड. आमचं घर गेवराईचं. शेजारी एक पूजासाहित्याचं दुकान होतं आणि दुपारी त्याची फळी अर्धी लावलेली असायची. त्या फटीतून उन्हाची एक तिरीप आत जायची आणि तिच्यात धूप, कापूर, ऊद, चंदन यांची बारीक धूळ तरंगत राहायची. मी शाळेतून येताना तिथं उभी राहून नुसती श्वास घ्यायची. दुकानदार आप्पा म्हणायचे, "पोरी, वासाचे पैसे लावू का?" अजूनही डोळे मिटले की ती धूळ हळूहळू फिरताना दिसते. याच वासांनी पुढे माझं पोट चालणार आहे हे तेव्हा कुठं माहीत होतं!

पोट चाललं ते असं. एक निवृत्त मास्तर यायचे, उर्दू शाळेतले. उंच, पांढरी शेरवानी, बोलणं असं की ऐकत राहावं. डाव्या कानाची पाळी आणि मागचा भाग सुजलेला, ओला झालेला. फक्त डावाच कान. मी जवळ गेले आणि वास आला. जुन्या चालीप्रमाणे ते कानाच्या वरच्या घडीत अत्तराचा फाया ठेवत. मी म्हटलं, "मास्तर, फाया बंद." ते म्हणाले, "बाईसाहेब, फाया गेला तर मी नुसता म्हातारा उरतो." पुढच्या खेपेला उजवा कान सुजलेला. म्हटलं, हे काय? तर म्हणाले, "डाव्याला विश्रांती दिली." शेवटी तह झाला. फाया शेरवानीच्या आतल्या खिशात, रुमालाच्या घडीत, कातडीला लागणार नाही असा. जिना उतरून गेले तरी बराच वेळ माडीवर त्यांचा वास रेंगाळत राहायचा आणि कौसर खिडकी उघडायला विसरायची.

मास्तरांना बाधत होता तो अत्तरातला ऊद. ऊद म्हणजे दूरच्या बेटांवरच्या एका झाडाचा वाळलेला चीक. झाडाला घाव घातला की तो पाझरतो आणि सुकून त्याचे खडे होतात. आपण तो निखाऱ्यावर टाकतो, अत्तरात घालतो, साबणात आणि क्रीममध्येही तो असतो. सर्दी झाली की वाफेच्या पाण्यात टाकतात ते तपकिरी टिंक्चर असतं ना, तेही त्याचंच. निव्वळ झाडाची वस्तू. आणि झाडाची वस्तू म्हटली की आपले लोक निर्धास्त. 'बाई, केमिकल न्हाई त्यात!' हे वाक्य मी जितकं ऐकलंय तितकं स्वतःचं नावसुद्धा ऐकलं नसेल.

आणखी एक सांगते, म्हणजे पुढचं कळेल. अंगावर उठणं म्हणजे लगेच उठणं नव्हे. एखादी वस्तू माणूस कित्येक महिने सुखानं लावतो. काही होत नाही. आत शरीर मात्र तिला ओळखून ठेवत असतं, आणि एक दिवस ठरवतं की ही आपली नाही. त्यानंतर कणभर लागली तरी कातडी पेटते. तेही सगळ्यांची नाही, दहाजणींत एखादीची. म्हणून पेशंट माझ्याशी भांडतात, की इतके दिस लावलं तवा कावून झालं न्हाई? आणि जावेला कावून होत न्हाई? याचं उत्तर द्यायला मला दर वेळी निम्मा तास लागायचा आणि तरीही ते पटायचं नाही.

हे न पटण्यानं एका बाईचं काय होऊ शकतं, ते मला गोदाकाकूंमुळे कळलं.

गोदाकाकू पाटोद्याच्या पुढच्या एका गावातल्या. मोठी शेतीवाडी, नवरा माजी सरपंच, मुलगा पुढाऱ्यांच्या गाड्यांमागे गाडी पळवणारा. गावात काकूंचा शब्द खाली पडत नसे. त्या माडीवर आल्या तेव्हा त्यांच्यामागे दोन बायका पिशव्या घेऊन होत्या. काकूंनी डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला. तो वर केला तर कौसरच्या तोंडून "या अल्ला" निघून गेलं. कपाळाच्या मधोमध रुपयाएवढा गोल, लालभडक, कडेला पुरळ, आणि दोन्ही पापण्या अशा सुजलेल्या की डोळे दिसत नव्हते.

"कुंकू लावता?" मी विचारलं.

"म्हंजे काय? नवरा हाय माझा!" काकू कडाडल्या.

"टिकली की मेणावरचं?"

"टिकली लावती का आमच्यासारखी? मेणावरचं."

तरुण मुलींसाठी सांगते. जुन्या बायका कुंकू नुसतं लावत नाहीत. आधी बोटानं मेणाचा गोल टिळा द्यायचा, त्यावर कोरडं कुंकू दाबायचं. घामानं ओघळत नाही, दिवसभर रेखीव राहतं. हे मेण म्हणजे मधाच्या पोळ्याचं, थोडं खोबरेल घालून मऊ केलेलं, छोट्या डबीत भरलेलं.

मी डबी मागितली. उघडली, नाकाशी नेली आणि क्षणभर मी गेवराईच्या त्या दुकानाच्या फटीशी जाऊन उभी राहिले. ऊद. गोड, जड, अंगावर झोप आणणारा वास. इतकं सुंदर मेण मी कधी हुंगलं नव्हतं.

"कुणी केलं हे?"

काकूंनी मान फिरवली. मागच्या दोघींपैकी एक बोलली, "त्या गयीनं. पांढऱ्या कपाळाची हाय. तिची हाय लागली काकूला. काकूलाच न्हाई, अजून तिघींला उठलंय आमच्यात."

हळूहळू सगळं बाहेर आलं. गयाबाईचा नवरा रानातली पोळी काढायचा आणि ती त्याचं मेण करायची. नवरा गेला, ती मेण करत राहिली. गावानं ते चालवून घेतलं होतं, पण त्याला एक रीत होती. डबी तिनं कुणाच्या हातात द्यायची नाही, खाली ठेवायची. घेणारीनं उचलायची. लग्नघरी डबी धाडायची, स्वतः जायचं नाही. मेण चालतं, मेण करणारी चालत नाही! मग बाजारात पाकिटातल्या टिकल्या आल्या आणि तिच्या डब्या पडून राहायला लागल्या. तेव्हा तिनं मेणात उदाचा वास घातला. पंचक्रोशीत तिचं नाव झालं. मोठ्या घरच्या बायका हेच मेण मागायला लागल्या. आणि काही महिन्यांनी कपाळं उठली.

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करणार? दृष्ट काढली. अवसंला काढली, रईवारी काढली. तोंडावरून चांगला ऊद धरला."

"धूर तोंडावर घेतला?"

"मग काय पायावर घ्यायचा? आन् जसजसी दृष्ट काढावी तसतसे डोळे जास्तीच सुजायचे. तवाच समद्यांला कळलं, किती जबर हाय तिची नजर."

मी खुर्चीत मागे टेकले.  उदानं उठायचं, ती गयाबाईची नजर मानायची, नजर उतरवायला तोंडावर ऊदच धरायचा, त्यानं पापण्या सुजायच्या आणि सुजलेल्या पापण्या गयाबाईविरुद्ध साक्ष द्यायच्या! अख्खं गाव त्या धुरात गोल गोल फिरत होतं आणि मधोमध एक बाई उभी होती. मला काकूंचा संताप आला, आणि त्या सुजलेल्या डोळ्यांची कीवही आली.

"मेण बंद, धूर बंद, अगरबत्ती, पावडर, वासाचा साबण, सगळं बंद," मी सांगितलं. मलम दिलं. "सूज उतरली की पाठीवर पट्टी लावून बघू. आणि त्या बाईंना माझ्याकडे पाठवा, मेणात काय काय घालतात ते मला हवंय."

"तिला कोण बोलावणार?" काकू म्हणाल्या. "गावात तिच्याशी कुणी बोलत न्हाई."

बोलावलं कौसरनं. पाटोद्याच्या आठवडी बाजारात तिची एक मावशी बांगड्या विकायची, तिच्याकरवी निरोप गेला. एका दुपारी दवाखाना रिकामा होत आला असताना जिन्यावर पावलं वाजली आणि दारात एक किडकिडीत बाई उभी राहिली. उन्हानं रापलेली, केस करडे, कपाळ कोरं. आत या म्हटलं तरी येईना. पदराच्या गाठीतून तिनं एकेक पुडी काढली आणि उंबऱ्याच्या आत जमिनीवर ठेवली. मेण. खोबरेलाची बाटली. उदाचे खडे.

"अहो, हातात द्या," कौसर म्हणाली.

गयाबाईनं हात मागे घेतले. कौसर उठली, तिनं तो हात सरळ धरला आणि तिला ओढून आत बाकावर बसवलं. गयाबाई हाताकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "बाई, एक काम करा. माझा हात तपासा. माझ्या हातात इख हाय का, तेवढं बघून सांगा."

मला हसू आलं, आणि तोंडातच राहिलं. ती चेष्टा करत नव्हती. तिला खरोखर तेवढंच विचारायचं होतं.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय व्हतंय? गल्लीतनं गेले तर बाया दारं लावून घेत्यात. डब्या माझ्या दारात आणून फेकल्या. आता मलाच सकाळी हात धुताना भ्याव वाटतं. आसल बी इख, कुणाला ठावं. आसल तर मी करणं सोडते. नसल तर तसं कुणीतरी सांगा म्हंते मी."

इतकी वर्षं मी नाना चाचण्या केल्या, पण हाताची चाचणी करा म्हणणारी ती एकटीच. रात्रभर तिचं बोलणं डोक्यात घोळत राहिलं. आणि मग वाटलं, का नाही? करूच की.

आमची पट्टीची तपासणी साधी असते. ज्या ज्या वस्तूंचा संशय, त्यांचा कणकण भाग छोट्या वाट्यांत घालून पाठीवर चिकटवायचा. दोन दिवस आंघोळ नाही, घामाचं काम नाही. मग पट्टी काढून बघायची आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी. जिथं लाल उठलं ती वस्तू दोषी. मी गयाबाईला पुन्हा बोलावून दवाखान्यातच शेगडी दिली. तिनं आपल्या हातानं मेण केलं, उदाशिवाय, नुसतं तेल घालून. बोटांनी मळलं, तळहातावर गोळी केली, जशी नेहमी करायची तशी. मेण वितळलं तेव्हा माडीवर मधाचा असा वास पसरला की खालच्या कापडदुकानातला माणूस वर डोकावून गेला. मग तेच काम कौसरला सांगितलं, पण ऊद घालून. गयाबाईनं त्याला बोट लावायचं नाही. ती भिंतीला टेकून बघत होती. न राहवून म्हणाली, "आगं, ऊद आधी तेलात कोमट कर. मेणात टाकला की खडा खडा ऱ्हातो." कौसर म्हणाली, "मावशी, तुम्ही तोंड पण नका लावू यात!" आणि तिघीही हसलो. त्या बाईचं हसू मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

काकू आल्या. पापण्या उतरल्या होत्या, डोळे चांगले मोठे आणि करारी निघाले. त्यांच्या पाठीवर आम्ही पाच वाट्या लावल्या. कुंकू, खोबरेल, व्हॅसलिनमध्ये खललेला ऊद, गयाबाईच्या हातचं साधं मेण, कौसरच्या हातचं उदाचं मेण. कुठे काय आहे ते काकूंना सांगितलं नाही. फक्त पेनानं आकडे टाकले. काकू दोन दिवस इथं भावाकडे राहिल्या आणि त्यांनी आंघोळीवाचून भावजयीला सळो की पळो करून सोडलं.

पट्टी काढली. कौसरनं पाठीचा फोटो काढला आणि मोबाइल काकूंच्या हातात दिला. तीन आकडे स्वच्छ, दोन आकड्यांवर लालबुंद फोड.

"हे दोन कोन्ते?" काकूंनी विचारलं.

"एक नुसता ऊद. दुसरं उदाचं मेण."

"म्हंजे गयीचंच की!"

"नाही. ते हिनं केलंय." मी कौसरकडे बोट दाखवलं. "सवाष्ण आहे, तीन लेकरांची आई आहे. गयाबाईंनी त्याला हातही लावलेला नाही. आणि हा चौथा आकडा, जिथं काही उठलं नाही, ते मेण गयाबाईंच्या हातचं. उदाशिवाय. त्यांनी माझ्यासमोर बोटांनी मळलंय."

काकू फोटोकडे बघत राहिल्या. दोन बोटांनी तो मोठा केला, पुन्हा लहान केला. खाली बाजारात कुणीतरी कांद्याचा भाव ओरडत होतं. मग त्या म्हणाल्या, "आन् डोळे?"

"उदाचा धूर. तुम्ही दृष्ट काढत होता ना."

काकूंनी पदर सारखा केला, मलमाची चिठ्ठी घेतली आणि जिना उतरल्या. मी वाट बघत होते की काहीतरी म्हणतील. 'बिचारी गयी', एवढं जरी म्हणाल्या असत्या! मला इतका राग आला की मी पुढच्या पेशंटवर विनाकारण ओरडले.

गयाबाईला मी निकाल सांगितला. तुमच्या हातात काही नाही, ऊद तेवढा सोडा. तिनं दोन्ही हात मांडीवर उलटे-सुलटे करून बघितले. "पर हे गावाला कोण सांगणार?" ती म्हणाली. यावर माझ्याकडे मलम नव्हतं. मी आपली डॉक्टरी सूचना दिली. यापुढे नवीन मेण केलं की विकण्याआधी स्वतःच्या हातावर, कोपराच्या आतल्या बाजूला, आठवडाभर लावून बघत जा. त्यात सगळ्यांचा निकाल लागत नाही, दुसरीची कातडी वेगळी असते, हेही सांगितलं. पण करणाऱ्यानं आधी स्वतः लावून बघावं, इतकं तरी व्हावं. ती बरं म्हणाली आणि गेली.

पुन्हा आली तेव्हा हिवाळा लागला होता. दारात उभी राहिली आणि मी बघतच राहिले. कपाळाच्या मधोमध मेणाचा गोल टिळा होता. कुंकू नाही, नुसतं मेण, पिवळसर, खिडकीतल्या उजेडात किंचित चमकणारं.

"गयाबाई, मी हातावर लावा म्हटलं होतं!"

"हातावर लावून कुणाला दिसंल, बाई? हात ऱ्हातो पदराखाली. कपाळाची वस्तू कपाळावरच लावून बघाय पायजे."

"गाव काय म्हणालं?"

"लई बोललं. पाण्यावर बोललं, गिरणीत बोललं. मी म्हटलं, डाक्टरीनबाईनं सांगितलंय, औषधाचं काम हाय. मंग एकजण आली, लांबनंच बघून गेली. दुसऱ्या दिशी दोगी आल्या. कपाळ उठलंय का, ह्ये बघाय. आता रोज सकाळी उठल्याबरोबर येत्यात. गयाबाई, कपाळ दावा म्हंत्यात. दावते. साफ दिसलं की डबी घेऊन जात्यात."

"डबी खाली ठेवता?"

"न्हाई. इसरले मी ठिवायची. त्या बी इसरल्या."

मला इतका आनंद झाला की मी कौसरला हाक मारून चहा मागवला आणि गयाबाईला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. सकाळी घराबाहेर पडताना जिचं तोंड दिसू नये म्हणून बायका वाट बदलायच्या, तिचंच तोंड बघायला त्या दिवसाच्या सुरुवातीला तिच्या दारात उभ्या राहत होत्या! मी विचारलं, "गोदाकाकू येतात का?" तिनं नाही म्हणून मान हलवली. काकूंचं मेण नातीच्या हातून जात होतं. त्यांच्या वाड्यासमोरून गयाबाई अजून मान खाली घालून जायची.

संक्रांतीला काकूंकडून हळदीकुंकवाचं आमंत्रण आलं. मुलाचा फोन होता, आईनं खास बोलावलंय, गाडी पाठवतो. मी नको म्हणणार होते. कौसर म्हणाली, "चला ना मॅडम, बघू तरी." म्हणून गेलो. थंडीचे दिवस, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, कणसांवर मऊ ऊन. गाडीत मला पेंग येत होती आणि त्या पेंगेत सगळं रान हळूहळू डुलत होतं. खरं-खोटं वेगळं काढायचा कंटाळा यावा अशी ती दुपार होती.

काकूंच्या अंगणात सतरंज्या पसरल्या होत्या. पन्नासेक बायका, हिरव्या-काळ्या साड्या, तिळगुळाचा आणि ओल्या हरभऱ्याचा वास. ऊद कुठेच नव्हता, हे माझ्या नाकानं आधी टिपलं. काकूंचं कपाळ बरं झालं होतं, त्यावर ठसठशीत कुंकू. आणि फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, डब्यांचं टोपलं घेऊन गयाबाई उभी होती. काकूंच्या नातीनं डब्या वाणाला मागवल्या होत्या. टोपलं फाटकाशी ठेवून गयाबाई परत निघायच्या बेतात होती.

"गये," काकूंनी हाक मारली. "कुठं चाललीस? हिकडं ये."

 गयाबाई फाटकात आली, पण पुढे पाऊल टाकेना. काकू स्वतः उठल्या. हातात कुंकवाचा करंडा तसाच होता. त्या फाटकापर्यंत गेल्या, गयाबाईच्या हनुवटीला हात लावून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि कपाळावरचा मेणाचा टिळा जवळून निरखला. माझ्याच पद्धतीनं, डोळे बारीक करून. मग मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "साफ हाय."

 काकू तिथंच उभ्या होत्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"म्या लई वंगाळ बोलले तुला. माझं तोंड उठाय पायजे हुतं, कपाळ उठलं." त्यांनी करंड्यात बोट बुडवलं. "मेण तपासलंस न्हवं? आता ह्ये बी तपास."

आणि त्यांनी ते बोट गयाबाईच्या मेणावर टेकवलं.

गयाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिनं हात वर नेला नाही, पुसलं नाही.  कौसर माझ्या शेजारी ओढणीत तोंड लपवून रडत होती आणि मलाही समोरचं धड दिसत नव्हतं. गयाबाईनं त्या गर्दीत मला शोधून काढलं. पट्टी लावलेले पेशंट विचारतात, अगदी तसंच तिनं विचारलं, "बाई, ह्ये कवा काढू?"

मी म्हटलं, "काढू नका."